उजवा अंगठा

माझी पंचाईत अशी आहे की मला माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत, पायांनी आठवतात. बोईसरला कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं दवाखान्याची सिस्टर म्हणून काढली, तर दुसरं काय होणार! मास्तरांकडे मुलांचे किस्से साठतात, एसटी कंडक्टरकडे पॅसेंजरांचे. माझ्याकडे टाचा, तळवे आणि बोटं साठली. आमच्या गप्पांत कोणी नुसतं "माझी टाच दुखतेय गं" म्हटलं, तरी मला तीन किस्से आठवतात आणि तिची टाच तशीच राहते.

मागे पालघरला एका लग्नात एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. सफारी, डोक्याला तेल, चेहरा हसरा. "सिस्टर, ओळखलंत का?"

मी बघत राहिले. काही केल्या आठवेना. पंगतीत बसायचं म्हणून त्यांनी चपला काढल्या होत्या. सवयीने माझी नजर खाली गेली आणि मी ओरडलेच, "अगं बाई! डाव्या करंगळीचं कुरूप! सेकंड शिफ्ट!"

ते खूश झाले. शेजारी उभी असलेली त्यांची बायको मात्र नवऱ्याच्या पायाकडे बघत म्हणाली, "अठरा वर्षं संसार केला, मला कधी करंगळी दाखवली नाही हो तुम्ही!"

*

या सगळ्याची सुरुवात एका घमेल्यापासून झाली. मी कामाला लागले तेव्हा दवाखाना म्हणजे गेटजवळची एक खोली होती. एक खाट, एक स्टूल, एक कपाट. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी पालघरहून यायचे. उरलेले दिवस मी आणि कपाट! कपाटात एक लाल औषध, एक जांभळं औषध आणि सगळ्या दुखण्यांवर चालणाऱ्या पांढऱ्या गोळ्या.

आणि दुखणी कसली, तर पायांची. रंगखात्यात फरशीवर सदा पाणी. माणसं आठ तास ओल्यात उभी. ज्यांना गमबूट होते त्यांचे पाय आतून घामाने भिजायचे, ज्यांना नव्हते त्यांचे बाहेरून रंगाच्या पाण्याने. सगळ्यांना चिखल्या. बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडून सोललेलं, खाज इतकी की माणूस मशीनला पाय घासायचा.

मी ठरवलं, गोळ्या राहू देत, आधी पाय नीट धुवायचे. कोमट पाणी आणि मूठभर मीठ. त्यासाठी टब मागितला. परचेसवाले म्हणाले, "तीन कोटेशनं लागतील." स्टोअरकीपर बिचारा भला माणूस. तो म्हणाला, "सिस्टर, टबाचं माझ्या हातात नाही. घमेलं आत्ता देतो." आणि रजिस्टरमध्ये त्याने लिहिलं, "दवाखाना, घमेलं एक, बांधकामासाठी."

ते बांधकाम बावीस वर्षं चाललं!

*

पहिल्याच आठवड्यात रामसेवक नावाचा उत्तर प्रदेशातला एक कामगार आला. चिखल्या भयंकर. मी पाय धुतले, पुसले आणि बोटांच्या मधे जांभळं औषध लावलं, अगदी कापसाने नाजूकपणे.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. बघते तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत जांभळे! मी चिडले. "अरे, एवढं औषध लावतात का? बाटली ओतलीस की काय?"

तो हात जोडून म्हणाला, "सिस्टर, ये दवा नहीं है. कल बैंगनी साड़ी का ऑर्डर था!"

औषध कुठलं आणि साडी कुठली, त्याला कळेना, मला कळेना, शुक्रवारी डॉक्टरांनाही कळेना. त्या दिवसापासून जांभळी बाटली कपाटात मागे गेली. मी तीनच गोष्टी सांगू लागले. धुवा, बेचक्यांतून कोरडं पुसा, घरी गेल्यावर पाय उघडे ठेवा. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून मी पुसायला देत असे. यात विद्या काही नव्हती, पण चिखल्या निम्म्याने कमी झाल्या. पुढेपुढे तर रस्त्यात कोणी भेटलं की नमस्काराऐवजी मी "बेचकीत पुसलंस का?" असंच विचारायची. एकदा पालघरजवळच्या आमच्या माहीमला देवळात पुजाऱ्याला विचारलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

*

मग एका वर्षी पाऊस सुरू होता होता नवे पर्सोनेल साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा फार. कागदावर खाडाखोड दिसली की तिच्या शेजारी त्यांना सही लागायची. स्वतःच्या चहाच्या कुपनावरसुद्धा त्यांनी तारीख दुरुस्त करून सही केलेली मी पाहिली आहे!

त्यांनी आल्या आल्या नोटीस लावली. सगळ्यांनी कामावर सेफ्टी शूज घालायचे. परमनंटची यादी दिवाळीच्या आधी लागेल, आणि जो बूट घालून पूर्ण शिफ्ट करू शकत नाही त्याचं नाव यादीत येणार नाही.

त्याच दुपारी देवजी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. देवजी मनोरच्या पलीकडच्या डोंगरातला. रंगखात्यात चार वर्षं टेंपररी. कापडाचे ओले ताके खांद्यावरून वाहायचा, कधी तक्रार नाही. चाळिशीचा माणूस, पण बूट सोडा, चप्पलसुद्धा सणासुदीला. पाय असे रुंद आणि बोटं अशी पसरलेली, की प्रत्येक बोटाला आपली स्वतंत्र जागा होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "बूट मी घालला व्हता. पन त्यो मना चावते."

मी पाय घमेल्यात घालायला सांगितलं. उजव्या पायाचा अंगठा टरारून सुजलेला, नखाची कड मांसात रुतलेली, बाजूने पू. नखुरडं, आणि तेही जुनं. या पायाने बूट घालायचा तर सिंहाचं काळीज हवं.

"इतके दिवस दाखवलं का नाही?"

"अनवानी चालते ना. बूट नाय तर दुकने पन नाय."

मग तो घमेल्यातल्या पाण्याकडे बघत बोलला. टेंपररी माणसाला दिवाळीनंतर ब्रेक मिळायचा. ब्रेक मिळाला की देवजी बायको आणि मुलीला घेऊन वीटभट्टीवर जायचा, ते पावसापर्यंत. मुलगी दुसरीत दोनदा बसली होती. तिची हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, परीक्षेला ती भट्टीवर असायची म्हणून.

"परमनंट झालो तं यंदा भट्टी नाय. पोरगी तिसरीला जाईल. तुमी ह्यो अंगठा तेवडा बरा करा."

एवढं सरळ मागणं माझ्याकडे आजवर कोणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "करते." आणि म्हणून झाल्यावर मला भीती वाटली.

*

पहिलं काम म्हणजे अंगठा बरा होईपर्यंत बुटातून सूट. ज्यांना पायाचं काही होतं त्यांना मी गेटवर दाखवायला चिठ्ठी देत असे. त्या दिवशी देवजीच्या आधी एका फिटरला दिली होती. त्याच्या तळव्याला कुरूप. घाईत मी लिहिलं, "यांना कुरूप आहे. तरी आठ दिवस चप्पल घालून आत सोडावे."

गेटवर तिवारी जमादार. सहा फूट उंच, मिशा पिळलेल्या, आणि मराठी वाचायचे ते हिंदीसारखं. हिंदीत कुरूप म्हणजे दिसायला वाईट, एवढंच! त्यांनी चिठ्ठी वाचली, फिटरचं तोंड नीट निरखलं, आणि मोठ्या गंभीरपणे विचारलं, "भाई, चप्पल पहनने से सुंदर हो जाओगे क्या?"

प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी माझ्या चिठ्ठीतला "कुरूप" शब्द खोडला, वर "कॉर्न" लिहिलं आणि बाजूला सही केली. देवजीची चिठ्ठी बिनबोभाट चालली, फिटर मात्र रिटायर होईपर्यंत "सुंदर" या नावानेच ओळखला गेला.

*

माझी आई माहीमची वाडीतली. माझ्या कपाटातल्या बाटल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. भेगांसाठी तिने मला कोकमतेलाचे गोळे बांधून दिले. दिसायला बर्फीसारखे, पण कडक. वितळवून कोमट असताना भेगेत भरायचं, वरून जुना मोजा घालून झोपायचं.

रामसेवक आणि त्याचे पाच सोबती बोईसरला एका खोलीत राहायचे. सहा जण, बारा टाचा, सगळ्या फाटलेल्या. मी त्याला दोन गोळे दिले. "गरम करके लगाना," एवढंच सांगितलं. कुठे लावायचं ते त्याला ठाऊक आहे असं मी गृहीत धरलं.

आठवड्याने तो आला. टाचा होत्या तशाच. "लगाया नहीं?" मी विचारलं.

"लगाया न, सिस्टर! रोज दाल में तड़का लगाया. घी अच्छा है, बस खुशबू थोड़ी कम है."

मी कपाळाला हात लावला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय झाला? पोटात गेला तरी चांगलाच हाय तो. दुसरे दोन दे!"

*

देवजी रोज शिफ्ट सुटली की घमेल्यापाशी यायचा. पंधरा मिनिटं मिठाचं कोमट पाणी, मग कोरडं पुसणं, मग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात. दुखायचं त्याला. तो भिंतीकडे बघायचा आणि मला त्याच्या मुलीबद्दल सांगायचा. ती पाटीवर कोंबडा फार छान काढते म्हणे.

एकदा मी वाकले असताना माझ्या कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटातून पाय थोडा बाहेर आला. देवजीने टाच पाहिली. सोमवारी गावाहून येताना पानात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. मधमाशीचं मेण आणि मोहाचं तेल, एकत्र कढवलेलं.

"कुणासाठी हे?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी. मना वाटला तुमाला कोन सिस्टर नाय."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. जगाच्या भेगा भरत बसलेल्या बाईच्या टाचा शेतातल्या ढेकळांसारख्या झाल्या होत्या! पंधरा दिवसांत त्या मेणाने माझ्या टाचांच्या भेगा बुजल्या. आईचं कोकमतेल इतके दिवस उशाशी होतं, पण ते मी लावलं कधी होतं?

*

आता एक किस्सा असा, की जो मी हसत सांगते, पण मला तो हसत आठवत नाही.

कँटीनमध्ये चिंचणीचे गोविंदमामा स्वयंपाकी होते. साठीला आलेले, गोल पोट, गोड बोलणं. एकदा आले आणि म्हणाले, "सिस्टर, पाय सारके जलजलतात गो. त्या घमेल्यात आमाला पन बसव."

मी पाणी तयार केलं. त्यांनी पाय बुडवले. "बरं वाटतंय का मामा? गरम नाही ना?"

"काय नाय गो. थंडच हाय. अजून ओत."

मी किटलीतलं ओतलं. "आता?"

"अजून ओत. काय लागत नाय."

मी ओतत गेले. मला वाटलं, आयुष्यभर चुलीपाशी उभा राहिलेला माणूस, त्याला गरमाचं काय! पाय बाहेर काढले तेव्हा उकडलेल्या कोळंबीसारखे लाल होते. संध्याकाळी फोड आले. मामांना तरीही काही लागत नव्हतं, आणि तीच तर भीतीची गोष्ट होती. मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं. साखर. बरीच वर्षं असणार, पायाची जाणीवच गेलेली.

मी डॉक्टरांसमोर रडले. माझ्या हाताने माणसाचे पाय भाजले होते. मीठ-पाणी कोणाचं काय वाईट करणार, अशा घमेंडीत मी होते. मामाच माझी समजूत घालत होते. "रडते कशाला? तुज्या पान्यानं रोग तरी सापडला."

मग जरा वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "सगल्या कारखान्याच्या चहात साखर मी घालतो. माज्यात कोनी घातली?"

फोड भरायला दीड महिना लागला, पण पाय वाचले. त्या दिवसापासून माझा नियम झाला. आधी माझं कोपर पाण्यात, मग तुमचा पाय. आणि साखरवाल्याने घमेल्यात बसायचंच नाही, पाय रोज नुसते बघायचे. गोविंदमामांनी त्यासाठी कँटीनमध्ये दाढीचा आरसा जमिनीलगत टांगला, तळवे दिसावेत म्हणून. साहेब एकदा कँटीन तपासायला आले आणि विचारू लागले, "हा आरसा इतका खाली कोणी लावला?" मामा म्हणाले, "साहेब, ज्याचा त्याचा चेहरा!"

*

देवजीचा अंगठा दोन पावलं पुढे, एक मागे असा चालला होता. भर पावसाळ्यात पुन्हा ठणका लागला. मी आईकडे रडगाणं गायले. आई म्हणाली, "नखुरड्याला लिंबाची टोपी घाल. तुजा बा बरा झालता तसाच." म्हणजे लिंबाला भोक पाडायचं आणि बोट आत घालून ठेवायचं.

मी देवजीला सांगितलं. "घरी गेल्यावर, तासभर," असंही सांगितलं. पण देवजी परमनंटच्या घाईत! त्याला वाटलं, तासभराने गुण येतो तर आठ तासांनी आठपट येईल. लिंबू अंगठ्याला घालून, वरून कापडाची चिंधी बांधून तो कामावर आला.

दुपारी रंगखात्यात लाल रंगाचं काम चालू होतं. चिंधी सुटली. लिंबू निसटलं, लाल पाण्यात दोन कोलांट्या घेऊन तीन नंबरच्या मशीनसमोर जाऊन थांबलं. भोक पाडलेलं आणि लालभडक.

ज्याने पहिलं पाहिलं तो "करणी!" म्हणून जो ओरडला, त्यासरशी तीन नंबर बंद, चार नंबर बंद, सगळं खातं दारापाशी. कोणी म्हणे शेजारच्या कारखान्याचं काम, कोणी म्हणे युनियनच्या निवडणुकीचं. तिवारी जमादारांना बोलावलं. त्यांनी लांबूनच बघून सांगितलं, "ये सिक्युरिटी का मामला नहीं है."

साहेब आले. "हा काय मूर्खपणा आहे? एक लिंबू उचलता येत नाही?" असं त्यांनी सर्वांना सुनावलं, पण उचललं त्यांनीही नाही! उलट टाय सावरत ते हळूच माझ्या मागे येऊन उभे राहिले.

एवढ्यात ताके ठेवून देवजी लंगडत आला. त्याने गर्दीकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. शांतपणे वाकून ते उचललं, सदऱ्याला पुसलं, आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा अंगठ्याला घातलं.

"माजा हाय," तो म्हणाला. "सिस्टरनी दिला."

त्या वेळी सगळ्या खात्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी कधी विसरणार नाही.

*

शुक्रवारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना झापलं. उघड्या जखमेवर लिंबू नको, म्हणाले. सुई देऊन नखाची रुतलेली कड काढली, आणि पुढचं सगळं पुन्हा माझ्या घमेल्यावर सोपवलं. आता फक्त निगा. मिठाचं पाणी, कोरडं फडकं, नख सरळ कापायचं, कोपऱ्यात गोल कोरायचं नाही.

पण लिंबामुळे एक झालं. देवजीचा अंगठा साऱ्या कारखान्याचा झाला! सकाळी गेटवर तिवारी जमादार मिशीला पीळ देत, "देवजी, अंगठा दिखाओ." तो पाय वर करून दाखवायचा. जमादार मान डोलवायचे, "ठीक है, जाओ." रंगखात्यात मास्टर, "देवजी, अंगठा बघू." चहाच्या वेळी गोविंदमामा, "अंगठा दाव रे." देवजी कधी कंटाळला नाही. कोणी अंगठा म्हटलं की त्याचा उजवा पाय आपोआप वर यायचा.

सप्टेंबरमध्ये सूज पूर्ण उतरली. मग बुटांची तालीम. स्टोअरकीपरने सगळी खोकी उघडून सर्वांत रुंद जोडी शोधली. पहिल्या दिवशी देवजी दवाखान्यातल्या खाटेपासून कपाटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "सिस्टर, जमीन कुटं गेली?" तो म्हणाला. खालची जमीन पायाला लागत नव्हती, म्हणून त्याला पुढचं पाऊल टाकायचा धीर होईना. मी हात धरला. तो रोज थोडा थोडा चालला. आधी खोलीत, मग गेटपर्यंत, मग अर्धी शिफ्ट. नाडी बांधायला रामसेवकने शिकवलं. घामाने पाय भिजू नयेत म्हणून मोजे रोज धुवायचे, हे मी शिकवलं. दसऱ्याच्या सुमारास एके दिवशी तो पूर्ण शिफ्ट बूट घालून काम करून दवाखान्यात आला, स्टुलावर बसला आणि नुसता हसला. मी घमेलं पुढे केलं. कोपर बुडवून बघितलं आणि म्हटलं, "ये."

*

दिवाळीच्या आधी यादी लागली. नाव होतं!

कागदांवर सह्या घ्यायला साहेब एकेकाला केबिनमध्ये बोलावत होते. पायाच्या फिटनेसचा कागद माझ्याकडे होता, म्हणून देवजीबरोबर मीही गेले आणि दाराशी उभी राहिले. आत कडक शिस्त. काचेचं टेबल, त्यावर देवजीचा कागद, शेजारी शाईचं पॅड उघडून ठेवलेलं. देवजी इस्त्रीचा सदरा घालून आलेला. त्याच्या बुटांना पॉलिश होतं.

साहेबांनी फाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "सही येते?"

"नाय साहेब."

"मग अंगठा," साहेब म्हणाले आणि खाली बघून तारखा लिहू लागले.

देवजीने मान हलवली. खाली वाकला. नीट, घाई न करता, उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढून बाजूला ठेवला. मोजा काढला, त्याची घडी केली आणि बुटात ठेवली. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणजे खरं सांगायचं तर मला ओरडता आलं असतं, पण मी दाराची चौकट धरून बघतच राहिले.

"डावा," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "पुरुषांचा डावा लागतो."

देवजी थबकला. आपल्या बूट घातलेल्या डाव्या पायाकडे त्याने जरा वेळ पाहिलं, मग साहेबांकडे. त्याच्या चेहऱ्यावर साहेबांची समजूत घालावी असा भाव होता.

"साहेब, डाव्याला कदी काय झालाच नाय," तो म्हणाला. "सगल्यांनी एवडी मेहनत केली ती ह्या उजव्यावर. ह्योच बगा!"

आणि उजवा पाय टेबलावर आला. अंगठा आधी शाईच्या पॅडवर टेकला, मग कागदावर.

साहेबांनी डोकं वर केलं. समोर एक अंगठा होता. नख सरळ कापलेलं, कडा स्वच्छ, बेचकी कोरडी. साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

देवजीने पाय खाली घेतला. कागदावर ठसा उमटला होता, रुंद, पुरा, एकही रेघ न तुटलेला. खाली छापील अक्षरात लिहिलेलं होतं, "निशाणी, डावा अंगठा."

साहेबांनी कागदावर हलकी फुंकर मारली. पेन उचललं. "डावा" हा शब्द खोडला, वर "उजवा" लिहिलं, आणि बाजूला सही केली.